पेटीतले शंख : प्रकल्प नोंदी (वडोदरा, २०२४-२५)

१७ नोव्हेंबर २०२४

आजोबांची ट्रंक शेवटी आज उघडली. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हा ती पलंगाखाली होती. दोन दिवस पाण्यात, मग अडीच महिने गच्चीवरच्या खोलीत. झाकण गंजून बसलेलं, पेचकस घालून उचकटावं लागलं. आत गाळाचा वास आणि वर्तमानपत्राचा लगदा. लगद्यात सात शंख, शिवाय शिंगासारखी पिवळट-तपकिरी एक वस्तू. ती काय आहे, घरात कोणालाच सांगता येईना.

आजोबा पन्नाशीच्या दशकात ओखा बंदरात नोकरीला होते. बंदर गायकवाड सरकारनं बांधलेलं, १९२६ चं, त्यामुळे बडोद्याची बरीच मराठी मंडळी तिकडे जाऊन राहिली. शंख त्यांनी तिथेच जमवले. प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, पण शाई सगळी पसरलेली. एकच चिठ्ठी वाचता येते, कारण ती पेन्सिलीनं लिहिलेली आहे : ‘झँकस पायरम, ओखा, १९५८’.

काम असं ठरवलं : सातही शंख ओळखायचे, मापं घ्यायची, नव्या चिठ्ठ्या लिहायच्या. या वेळी पेन्सिलीनं.

१८ नोव्हेंबर

साधं पाणी आणि जुना टूथब्रश. आत्या म्हणाली, थोडं ॲसिड लाव, चकाचक होतील. तसं करून चालणार नाही. शंख म्हणजे शेवटी कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिड पडलं की चुनखडीसारखा फसफसतो आणि जे बघायचं आहे तेच जातं. बाजारातले शंख पांढरेशुभ्र दिसतात ते घासूनपुसूनच.

२३ नोव्हेंबर

मापं. व्हर्नियर कारखान्यातला, आठवड्यापुरता मागून आणलेला. वजनकाटा स्वयंपाकघरातला.

क्र. १ : लांबी १५८ मिमी, वजन ६१२ ग्रॅम. शेंडा कापलेला, म्हणजे वाजवायचा शंख. क्र. २ : १३४ मिमी. वरचं तपकिरी साल अजून अंगावर आहे, वाळून कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटतंय. सोबत झाकणही मिळालं : काळपट, जाड, नखासारखं, एका टोकाला निमुळतं. क्र. ३ : पिल्लू, जेमतेम ४१ मिमी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. क्र. ४ : बाहेरचा ओठ तुटलेला. क्र. ५ : १४२ मिमी, पॉलिश केलेला. क्र. ६ : ११० मिमी, खांद्यावर गाठी. क्र. ७ : काटेरी, प्रत्येक वेढ्यावर पानासारखे फाटे. हा म्युरेक्सच्या घराण्यातला, त्याबद्दल वाद नाही.

खरा प्रश्न एक ते सहाचा. बाहेरून बघितलं तर सहाही तसे एकाच ठेवणीचे. वर आखूड शेंडा, मध्ये फुगलेला पोटाचा वेढा, खाली निमुळती होत गेलेली नळी. पेर हे फळ उलटं धरल्यावर दिसावं तसा आकार. पायरम म्हणजे लॅटिनमध्ये पेरच.

मग मुखात करंगळी घातली. शंखाच्या आत मधोमध एक खांब असतो, सगळे वेढे त्याच्याभोवती गुंडाळलेले. शास्त्रात त्याला कॉल्युमेला म्हणतात, मराठीत स्तंभिका. क्रमांक एकच्या खांबावर बोट वरून खाली नेलं की तीन ठळक कंगोरे लागतात, आडवे. विणायची सुई नेली तर टक, टक, टक असा आवाज येतो. दोनमध्ये तीन आणि खाली चौथा बारीक. क्र. ३, ४ आणि ५ मध्येही असे कंगोरे, म्हणजे वळ्या, आहेत. सहामध्ये काहीच नाही, बोट साबण लावल्यासारखं सरकत जातं.

वजनाचं नंतर लक्षात आलं. वळ्या असलेले शंख हाताला त्यांच्या आकारापेक्षा जड लागतात. भिंत जाड आहे, खलबत्त्याच्या खलासारखी.

३० नोव्हेंबर

नावाचा गुंता. पुस्तकांत या शंखाचं आजचं नाव टर्बिनेला पायरम. आजोबांच्या चिठ्ठीवर झँकस. आधी वाटलं, आजोबा चुकले. चुकले नव्हते. त्यांच्या काळात आपल्याकडच्या मत्स्यविभागाच्या लिखाणातही झँकसच असायचं.

हकीकत अशी. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसनं १७६७ साली याला व्होल्युटा पायरम म्हटलं. खांबावर वळ्या दिसल्या की शंख व्होल्युटात टाकायचा, असा त्याचा साधा हिशेब होता. त्या एका पिशवीत मग एकमेकांशी फारसा संबंध नसलेले बरेच प्राणी जाऊन बसले. पुढे ती पिशवी उसवून वेगवेगळे वंश काढले गेले. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कनं १७९९ मध्ये टर्बिनेला हा वंश केला. पण त्याच्या एकच वर्ष आधी, १७९८ मध्ये, हॅम्बुर्गच्या बोल्टेन नावाच्या संग्राहकाच्या संग्रहाची विक्रीयादी निघाली होती. ती रोडिंगनं तयार केलेली, आणि तीत याच शंखांना झँकस नाव दिलेलं. प्राण्यांच्या नावांत नियम असा की आधीचं नाव खरं. त्या नियमानं झँकस जिंकायला हवं होतं आणि काही काळ ते चाललंही. शेवटी प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं झँकस रद्द केलं आणि रुळलेलं टर्बिनेला कायम ठेवलं.

मला मात्र झँकसचं वाईट वाटलं. शंखचं दक्षिणेत झालं चंक, इंग्रजांनी त्याचं केलं चँक, आणि त्याला लॅटिन शेपूट लावून झालं झँकस. आपला शब्द होता तो.

आजची मांडणी वहीत उतरवली : मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, निओगॅस्ट्रोपोडा गण, टर्बिनेलिडी कुल, टर्बिनेला वंश. वंशात जाती मोजक्याच. आपल्याकडची पायरम, म्हणजे भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्याची. दुसऱ्या काही थेट अटलांटिकच्या पलीकडे : कॅरिबियन समुद्रात अँग्युलाटा, ब्राझीलच्या किनाऱ्याला लेव्हिगाटा. अँग्युलाटाच्या खांद्यावर मोठ्या गाठी असतात आणि आकारानं ती आपल्या शंखाला सहज मागे टाकते. तिच्याही खांबावर या वळ्या आहेतच.

क्र. ६ ला वळ्या नाहीत, म्हणून तो या वंशातून बाद. खांद्यावरच्या गाठी आणि पायऱ्यांसारखे वेढे बघता तो व्होलेगॅलिया कॉक्लिडियम. जुन्या पुस्तकांत हाच पुजिलिना म्हणून सापडतो. आपल्या किनाऱ्यावर नेहमी मिळणारा शंख.

८ डिसेंबर

सोसायटीतले प्राणिशास्त्राचे निवृत्त सर आले होते. आत्यानं चहा आणि चिवडा दिला, त्यांनी मात्र आधी क्र. ३, पिल्लू, उचललं आणि चहा थंड होऊ दिला.

“बाकीचे राहू द्या हो. हा बघा.”

भिंगाखाली पिल्लाचा शेंडा दाखवला. टोकाला एक बोथट, गुळगुळीत बोंडी, पुढच्या वेढ्यांपेक्षा वेगळीच दिसणारी. हा भ्रूणशंख, अंड्यात असतानाच तयार झालेला भाग. बहुतेक समुद्री गोगलगायींची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगत फिरतात, त्यांचा भ्रूणशंख अगदी बारीक असतो. इथे तो हा एवढा ढोबळा, कारण टर्बिनेलाचं पिल्लू तरंगतच नाही. अंड्यातून बाहेर येतं तेच पाठीवर शंख घेऊन, आणि सरळ वाळूवर चालायला लागतं.

मग त्यांनी ती शिंगासारखी वस्तू हातात घेतली आणि हसायला लागले. “तुमच्या आजोबांनी अंडीसुद्धा आणली होती की!” शंखाची मादी हे शिंग घालते. एकावर एक रचलेल्या चपट्या कप्प्यांचं, मेंढ्याच्या शिंगासारखं पीळ असलेलं, खालचं टोक वाळूत रोवलेलं. प्रत्येक कप्प्यात पिल्लं वाढतात आणि फटीतून बाहेर पडतात. आमच्या शिंगाचे कप्पे मोजले, २३ भरले, वरचे दोन-तीन मोडलेले असावेत. आई लहानपणी या शिंगाशी खेळायची म्हणे.

सर म्हणाले, पिल्लू दूर वाहून जात नाही, ते जिथल्या तिथेच वाढतं. त्यामुळे प्रत्येक किनाऱ्याचा शंख हळूहळू थोडा वेगळा होत जातो. कुठे शेंडा उंच, कुठे बसका, कुठे अंग गोल. जेम्स हॉर्नेल या इंग्रज सागरी प्राणितज्ज्ञानं हेच बघून पायरमचे अक्यूटा, ऑब्ट्यूसा असे प्रकार पाडले होते. हॉर्नेल आपल्याला परका नाही. ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं तेव्हा संस्थाननं तिथल्या समुद्री प्राण्यांचा अहवाल त्याच्याकडूनच करून घेतला, दोन भागांत, १९०९ आणि १९१६ साली. हे प्रकार वेगळ्या जाती नव्हेत, सगळे पायरमच.

जाता जाता सरांनी क्र. १ उचलला. “हा तुमच्या कामाचा नाही, याचं तोंडच कापलंय.” वाजवायच्या शंखाचा शेंडा कापतात, तिथूनच फुंकायचं असतं. म्हणजे भ्रूणशंख पहिल्याच दिवशी गेलेला.

१५ डिसेंबर

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेलो, देवमाशाच्या सांगाड्यापाशी मुलीनं अर्धा तास घालवला. माझ्या उपयोगाचं फार काही झालं नाही. परतताना सेवउसळ.

उपयोगाचं निघालं ते पुरातत्त्वाच्या बाजूनं. द्वारकेजवळच्या नागेश्वरचं हडप्पाकालीन ठिकाण आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठानं खणलं. के. टी. एम. हेगडे आणि त्यांचे सहकारी होते त्यात. शंखकामाची वसाहतच होती ती. बांगड्या टर्बिनेलाच्या, आणि पळ्या काटेरी चिकोरियस रॅमोससच्या. आमचा क्र. ७ तोच चिकोरियस असावा असं वाटत होतं. चित्राशी ताडून पाहिला, तोच आहे. आजोबांच्या पेटीत बांगडीचा शंखही आहे आणि पळीचाही.

बांगडीला टर्बिनेलाच का, ते क्र. ४ च्या तुटक्या कडेवरून कळतं. भिंत सगळीकडे जवळजवळ सारख्या जाडीची, आणि पोटाचा वेढा चांगला गोल. आडवा कापला की कडं तयार. फक्त एक वेढा दुसऱ्याला जिथे चिकटतो तिथे सांधा राहतो, कड्याची गोलाई तेवढी मोडते. हडप्पाच्या कारागिरांनी नेमक्या त्या जागी इंग्रजी व्हीसारखी खूण कोरलेली असते. सांधा झाकला आणि नक्षीही झाली. कारखान्यात आम्ही वेल्डिंगवर पट्टी मारतो, तसंच.

२२ डिसेंबर

क्र. ४ कापला. तुटकाच होता, म्हणून जीव घट्ट केला. मार्बल कापणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडे गेलो. पाण्याच्या धारेखाली डायमंडची चकती, तोंडाला फडकं. शेंड्यापासून नळीच्या टोकापर्यंत उभा छेद घ्यायचा होता, बरोबर खांबातून. शंख गोल असल्यामुळे धरायला जागा नाही, त्यानं तो प्लास्टरच्या गोळ्यात बसवला. ही युक्ती त्याची.

चकती लागताच वास सुटला. तो म्हणाला, “साहेब, आ तो दाढ कापता होय एवी वास आवे छे.” अगदी बरोबर. दाताच्या डॉक्टरकडचा वास.

दोन अर्धी उघडली आणि पाचेक मिनिटं आम्ही दोघंही नुसते बघत होतो. आतला भाग बाहेरच्यापेक्षा गुळगुळीत, फिकट जर्दाळू रंगाकडे झुकणारा. खांब मधोमध, हलका पिळलेला. आणि वळ्या फक्त मुखापाशी नाहीत. खांबाबरोबर वर चढत जाऊन शेंड्याजवळच्या वेढ्यापर्यंत पोचतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या. शंखाचं वय वाढतं तशा त्याही वाढत आलेल्या. म्हणजे बाहेरून किती घासा, रंग काढा, गाठी उडवा, ही खूण आत शाबूत राहते.

कारागिरानं पैसे घेतले नाहीत. एक अर्धं मागितलं. द्यायचं कबूल केलं आहे, फोटो काढून झाले की देतो.

२९ डिसेंबर

आजची नोंद लिहावी की नाही, विचार करतोय.

आत्याच्या देवघरात दक्षिणावर्ती शंख आहे. पंधरा वर्षांपूर्वी यात्रेला गेली असताना एका दुकानातून ५,१०० रुपयांना घेतलेला, लाल मखमलीच्या डबीत. रोज सकाळी त्यातून बाळकृष्णाला पाणी घालते. मापं घ्यायच्या भरात मी म्हटलं, तोही दे की एकदा. तिनं ताम्हनातून काढून, पुसून दिला.

लांबी १६३ मिमी. वजन २४१ ग्रॅम. इथेच खटकलं. लांबीनं क्र. १ पेक्षा मोठा, वजन निम्म्याहून कमी. नळी लांब आणि उघडी, खांद्यावर गाठी घासून बोथट केल्यासारखे उंचवटे. करंगळी आत घातली. टक नाही, टुक नाही. फार तर एक पुसट वळी.

आत्या विचारत होती, “काय रे, चांगला आहे ना?” मी म्हटलं, मोठा आहे.

५ जानेवारी २०२५

सरांना व्हिडिओ कॉल. आत्याही समोर बसली, आणि उजव्या-डाव्यावरून दोघांची जुंपली.

सर : “हा डावा आहे.”
आत्या : “अहो, उजवा आहे! दिसतंय की. तुम्हाला मोबाइलमध्ये उलटं दिसत असेल.”

दोघंही बरोबर होते. शास्त्रात शंख शेंडा वर करून आणि मुख आपल्याकडे करून धरतात. मुख उजवीकडे आलं तर उजवा, डेक्स्ट्रल. पूजेत नळीचं टोक वर आणि शेंडा खाली धरतात. तोच शंख उलटा केला की उजवं मुख डावीकडे जातं. म्हणून आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो तो शास्त्राच्या भाषेत डावा, सिनिस्ट्रल. टर्बिनेला पायरम बहुतेक सगळा शास्त्राच्या भाषेतला उजवाच असतो. त्यातला डावा क्वचित सापडतो, म्हणून त्याचं एवढं मोल. डावा निघाला म्हणून जात बदलत नाही, जन्मानं डावरं मूल असावं तसा तो.

सरांनी मग मला एकट्याला फोन केला. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात एक गोगलगाय असते, लाइटनिंग व्हेल्क. तिचा जवळजवळ प्रत्येक शंख जात्याच डावा. अंगावर विजेसारखे तपकिरी पट्टे असतात म्हणून हे नाव. टेक्सास राज्याचा तो राज्यशंख आहे. तिकडे तो नेहमीचाच. इकडे आणून पट्टे घासून टाकले, गाठी बोथट केल्या की दक्षिणावर्ती म्हणून खपतो. कुलसुद्धा वेगळं, टर्बिनेलाशी त्याचा संबंध नाही. “वळ्या मोजल्यात ना? मग मला कशाला विचारता?”

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळं घर गच्चीवर. काम बंद. मांज्यानं बोट कापलं, करंगळीच.

१९ जानेवारी

आत्याला सांगितलं. कापलेला क्र. ४ तिच्या हातात दिला, वळ्या दाखवल्या, मग तिचं बोट तिच्या शंखात घालायला सांगितलं. तिनं घातलं. मग परत क्र. ४ वर फिरवलं. मग परत स्वतःच्या शंखात. बराच वेळ ती बोलली नाही.

“म्हणजे हा अमेरिकेचा.”

“हो.”

“पंधरा वर्षं मी अमेरिकेच्या शंखानं पाणी घालतेय बाळकृष्णाला.” मग थोड्या वेळानं, “आणि तिथली लोकं म्हणतात, आमच्याकडे देव नाही.”

दुकानदाराबद्दल जे म्हणाली ते इथे लिहीत नाही. शंख मात्र तिनं परत ताम्हनात ठेवला. मी क्र. ५ पुढे केला : आजोबांचा आहे, खरा आहे, शेंडाही शाबूत आहे, हा ठेव. तिनं तो घेतला, उलटसुलट करून बघितला. “हा डावीकडे उघडतो,” म्हणाली, आणि परत केला. तिच्या धरण्यानं तो डावीकडेच उघडतो.

२ फेब्रुवारी

चिठ्ठ्या लिहून झाल्या, पेन्सिलीनं. एक ते पाच टर्बिनेला पायरम, कंसात झँकस, आजोबांचा शब्द म्हणून. सहा व्होलेगॅलिया कॉक्लिडियम, सात चिकोरियस रॅमोसस. अंड्यांच्या शिंगाला आठवा क्रमांक. ओखा १९५८ हे फक्त क्र. २ च्या चिठ्ठीवर वाचता येत होतं, म्हणून तेवढ्यालाच लिहिलं. बाकीच्यांवर ‘बहुधा ओखा’. आता कच्छच्या आखातातला मोठा टापू सागरी राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथून शिंपलासुद्धा उचलायचा नाही. त्यामुळे ताडून बघायला नवे शंख आणायचा प्रश्नच नाही, ही पेटी आहे तेवढीच.

आत्याच्या शंखाला क्रमांक दिलेला नव्हता. आज तिनं स्वतः विचारलं, “माझ्याला चिठ्ठी नाही?” तिनं सांगितलं तसं लिहून दिलं : ‘लाइटनिंग व्हेल्क, अमेरिका. देवघर.’ चिठ्ठी तिनं मखमलीच्या डबीत झाकणाखाली खोचली.

राहिलेलं : क्र. ३ च्या वळ्या भिंगाखाली पुन्हा मोजणे, मला तीन दिसतात आणि सरांना चार. मार्बलवाल्याला अर्धं देणे. व्हर्नियर कारखान्यात परत करणे, तो आठवड्यापुरता आणला होता.